टवका उडालेला खिळा

माझं नाव क्षमा. हे नाव ठेवताना आईवडिलांना कुठे ठाऊक होतं, की ही मुलगी पुढे जन्मभर लोकांच्या चुका काढून पोट भरणार आहे! साताऱ्याच्या सदाशिव पेठेत चिंतामणरावांचा छापखाना होता. तिथे मी मुद्रितं तपासत असे. लग्नपत्रिका, स्मरणिका, साखर कारखान्यांचे अहवाल, काहीही छापायला आलं की ते आधी माझ्या टेबलावरून जायचं. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात भिंग. हे काम माणसाला संशयी करतं. शब्द बरोबर दिसला तरी मला आधी शंका येते, की हा बरोबर कसा आला? माणसांच्या बाबतीतही माझं तेच झालं. दूधवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना मी भिंगाखाली घालून पाहिलंय, आणि बहुतेकांत काही ना काही सापडलंच आहे.

एक माणूस मात्र मी तीन वर्षं चुकीचा वाचला. त्याचं नाव जोतिबा.

जोतिबा आमच्याकडे जुळारी होता. शिशाचं एकेक अक्षर म्हणजे एकेक खिळा, आणि ते खिळे पेटीतून उचलून ओळ जुळवणारा तो जुळारी. मूळचा वडूजचा. घरची जमीन कोरडवाहू, दोन भाऊ फौजेत. हाही भरतीला गेला होता, पण छाती इंचभर कमी भरली म्हणून परत पाठवला. "तवाधरनं मी शिश्याच्या फौजेत हाय," असं तो म्हणायचा. शिक्षण आठवीपर्यंत. पांढरा पायजमा, टोपी, आणि कमरेला तंबाखूची चंची. पान खायचा नाही, चहा कमी प्यायचा, पण ती चंची त्याच्यापासून कधी सुटली नाही.

आता त्या खिळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. मराठीत 'य' आणि 'ह'च्या आधी एक वाकडा अर्धा 'र' येतो. 'वऱ्हाड' लिहा, 'दऱ्याखोऱ्या' लिहा, 'करणाऱ्याला' लिहा, तो लागतोच. जोतिबा त्याला 'कोयत्या' म्हणायचा, कारण तो दिसतो ऊसतोडीच्या कोयत्यासारखा. मथळ्याच्या मोठ्या अक्षरांच्या पेटीत हा कोयत्या एकच उरला होता, आणि तोही कधीतरी फरशीवर पडून त्याच्या टोकाचा टवका उडाला होता. छापलेल्या कागदावर तो टवका मला लगेच दिसायचा. मी लाल गोल काढायची आणि समासात लिहायची, 'खिळा बदला'. पंच्याहत्तर साली मी कामाला लागले, तेव्हापासून अठरा वर्षं मी हेच लिहीत होते.

"आवं बाई, बदलू कशानं?" जोतिबा दर वेळी म्हणायचा. "एकुलता एक हाय त्यो. पोरगं काणं निपाजलं म्हून टाकून द्याचं का?"

आमच्या धंद्यात एक रीत होती. एखाद्या कामाला खिळे कमी पडले, की शेजारच्या छापखान्यातून उसने आणायचे आणि काम झालं की धुऊनपुसून परत द्यायचे. दोन मालक एकमेकांचं तोंड बघत नसले तरी जुळारी मागच्या दारानं खिळे नेत आणत असत. शेजारी वाटीभर साखर मागावी तसं ते होतं. त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत आणि कुणी दिले नाहीत. मला मात्र त्यातही वास यायचा. उसने नेलेले सगळेच्या सगळे परत येतात कशावरून?

त्र्याण्णव साली मालकांनी कॉम्प्युटर घेतला. तो आणला सांगलीच्या धैर्यशीलनं. विश्रामबागेत त्याचं दुकान होतं, आणि पुण्याच्या एका कंपनीचे मराठी फाँट तो विकायचा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मला त्या लोकांचा भरवसा नाही. कॉम्प्युटरच्या खोलीला पडदे लागले, दाराबाहेर चपला काढायची पाटी लागली. आणि यंत्राच्या मागे काडेपेटीएवढं एक कुलूप लागलं. ते काढलं की पडद्यावरची सगळी मराठी अक्षरं नाहीशी व्हायची. धैर्यशील म्हणाला, हे हरवलं तर दुसरं मिळणार नाही, फाँट नव्यानं घ्यावा लागेल. म्हणून मालक संध्याकाळी ते कुलूप खिशात टाकून घरी न्यायचे. अक्षरं खिशात घालून घरी नेणारा मालक मी पहिल्यांदाच पाहिला.

शिसं मोडीत द्यायचं ठरलं. त्याआधी यादीप्रमाणे पेट्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. सगळं जागेवर होतं. मथळ्याच्या पेटीत एकच खण रिकामा होता, कोयत्याचा. मी जोतिबाकडे पाहिलं. तो खाली मान घालून फरशी पुसत होता. अठरा वर्षांत त्याला मी कधी फरशी पुसताना पाहिलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी मालकांना काही बोलले नाही, पण मनाशी नोंद केली, की ज्यानं आज एक खिळा नेला तो उद्या पेटी नेईल. त्या दिवसापासून तो घरी निघाला की त्याच्या पिशवीवर माझा डोळा असायचा.

मालकांनी त्यालाच कॉम्प्युटरवर बसवला. पन्नाशीच्या घरातला माणूस, पण महिन्याभरात त्याची बोटं त्या कळांवर बसली. आणि पहिल्याच आठवड्यात अडचण निघाली. कंपनीच्या फाँटमध्ये कोयत्या नव्हताच.

कोरेगावचे बाळासो लग्नातल्या स्वयंपाकाची कामं घ्यायचे. त्यांनी एक हजार पत्रकं छापायला दिली होती. 'लग्नकार्यासाठी अनुभवी आचाऱ्यांची सोय केली जाईल.' छापून आलं 'आचार्यांची सोय'. मी लाल गोल काढला होता, पण अक्षरच नाही तर बदलणार कशानं? मालक म्हणाले, लोक समजून घेतील. लोकांनी त्यांच्या परीनं समजून घेतलंही. पंधरा दिवसांनी बाळासो पत्रक नाचवत छापखान्यात शिरले.

"काय छापलंय हे?" ते ओरडले. "काल भजनी मंडळ आलं हुतं दारात. सप्त्याला दोन आचार्य पायजेत म्हणत्यात, आन त्यातला एक संस्कृतवाला! आमी भात-आमटीची माणसं. परवचन कुठनं आणू?"

मला हसू आलं आणि रागही आला. माझ्या हातून गेलेल्या कागदावरची ती चूक होती. जोतिबा मात्र हसला नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मालकांनी आम्हा दोघांना सांगलीला पाठवलं. धैर्यशीलच्या दुकानात आधी चपला काढायला लावल्या, मग चहा आला, मग मी पत्रक त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"बाई, ह्यो फाँट दिल्लीपतोर चालतोय," धैर्यशील म्हणाला. "तिकडनं एक तक्रार न्हाई."

"दिल्लीत वऱ्हाड निघत नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे निघतं."

"मी कळवतो की कंपनीला. नवीन आवृत्ती यील, त्यात बसवतील. तेवढी इकत घ्यावी लागंल."

जोतिबानं पत्रक उचललं. तो हळूच म्हणाला, "मी अक्षार काढून दिलं तर बसवाल का?"

धैर्यशील हसला. "गड्या, ते उघडता येत न्हाई. कुलूप हाय त्याला. आन उघडलं तर गुन्हा हाय."

परतीच्या एस.टी.त कऱ्हाडपर्यंत जोतिबा खिडकीबाहेर बघत बसला. मग एकदम म्हणाला, "बाई, खिळ्याच्या पेटीला कवा कुलूप बघितलं हुतं का वो?"

नव्हतं बघितलं. पण मी तसं कबूल केलं नाही. माझ्या डोक्यात त्याचा तो रिकामा खण होता. कुलपाची अडचण चोरालाच होते, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

त्यानंतर काही महिने जोतिबा दुपारच्या सुट्टीत जेवण आटोपून कॉम्प्युटरवर बसू लागला. विट्याचे नानासो म्हणून एक छापखानावाले होते. त्यांच्या भावाचं मदुराईला गलाईचं, म्हणजे सोनंचांदी गाळायचं दुकान, तिथून त्यांनी एक फ्लॉपी आणली होती. अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर. कुणा परदेशी माणसानं बनवून 'ज्याला हवं त्यानं वापरा' म्हणून सोडून दिलेलं. मी जोतिबाला म्हटलं, "असं कुणी काही सोडून देतं का? आत काहीतरी किडा असेल." तेव्हा कॉम्प्युटरच्या व्हायरसच्या बातम्या फार येत. त्यानं ऐकलं नाही. कसल्यातरी जुन्या ठशावरून तो रेघा काढायचा, पुसायचा, परत काढायचा. मी मागून गेले की हाताखाली कागद झाकायचा. झाकलेल्या कागदासारखी संशयाची गोष्ट दुसरी नाही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीच्या आधी कोयत्या तयार झाला. त्यानं कंपनीच्या फाँटला हातही लावला नव्हता. स्वतःचा वेगळा, पाचसहा अक्षरांचाच फाँट केला होता. ओळीत कोयत्या लागला की तेवढ्यापुरता हा फाँट घ्यायचा, पुढे परत कंपनीचा. फाँटला त्यानं नाव दिलं 'खिळा'. बाळासोंची पत्रकं पुन्हा छापली, फुकट. मी भिंग घेतलं. 'आचाऱ्यांची'. बरोबर होतं. पत्रकातली अक्षरं बारीक, त्यामुळे त्यापलीकडे मला काही दिसलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

पण जोतिबा तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं फ्लॉप्या वाटायला सुरुवात केली. कोरेगाव, वडूज, विटा, सांगली, जिथे म्हणून मराठी छापत होते तिथे. सोबत एक चिठ्ठी असायची, फाँट कसा बसवायचा ते सांगणारी, आणि शेवटी एक ओळ: 'कायबी चुकलं असंल तर नीट करा आन मला परत धाडा.' मी ती ओळ शुद्ध करून दिली, तर म्हणाला, तशीच ऱ्हाऊ द्या, आपल्या माणसांस्नी कळती. नानासोंनी त्यात मराठी वळणाचा 'ल' घालून परत पाठवला. सांगलीच्या एकानं 'श' नीट केला. 'खिळा' वाढत चालला.

फुकट देतोय म्हटल्यावर लोक बिचकले. एका मालकानं फ्लॉपी आठवडाभर उन्हात ठेवली होती म्हणे, किडा असला तर मरावा म्हणून. चिंतामणराव वैतागले. "अरे, आपला फायदा दुसऱ्यांना का वाटतोस? उद्या त्यांच्या पत्रिका आपल्याइतक्या शुद्ध येतील!"

"मालक, खिळं उसनं न्याला तुमी कवा नगं म्हणाला न्हाईसा," जोतिबा म्हणाला. "आन ह्याची गंमत बगा, दिला तरी आपल्यापाशी ऱ्हातोच की."

मालकांना ते पटलं असावं. मला पटलं नाही. फुकट ते पौष्टिक हे घेणाऱ्याला ठीक, देणाऱ्याला काय? त्यातच एकदा धैर्यशील बिलाच्या कामाला आला असताना दाराआड जोतिबानं त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. मी खिडकीतून पाहिलं. धैर्यशीलनं ते पटकन बॅगेत टाकलं आणि जोतिबाच्या पाठीवर थाप मारली. झालं. खिळा गायब, झाकलेला कागद, गावोगाव फ्लॉप्या, आणि आता हे पुडकं. माझ्या हिशेबी प्रूफ पूर्ण वाचून झालं होतं. हा माणूस आतून कंपनीला सामील आहे आणि छापखान्यातलं बाहेर नेतोय, असं मी ठरवून टाकलं.

शहाण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी धैर्यशील आला, आणि त्याच्याबरोबर पुण्याहून कंपनीचे सुमंत नावाचे साहेब. टाय लावलेले, बोलणं अगदी गोड. कंपनीची नवीन आवृत्ती निघाली होती. तिच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, 'आता अस्सल मराठी ऱ्य आणि ऱ्ह!' सुमंतांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि सांगितलं, की तुमच्याकडून आमच्या ऱ्यची नक्कल करून फ्लॉप्या वाटल्या जात आहेत.

"आमचा तर दीड वर्षापूर्वीचा आहे," चिंतामणराव म्हणाले.

"ते कोर्टात दाखवावं लागेल. फ्लॉपीवरची तारीख कुणीही बदलू शकतो," सुमंत म्हणाले. "कायदा आता कडक झालाय. तीन वर्षांपर्यंत कैद आहे, कॉम्प्युटर जप्त होतो. पण आम्हाला कुणाचं वाईट करायचं नाही. एका कागदावर सही करा, विषय संपला."

कागद तयारच होता. त्यावर जोतिबानं लिहून द्यायचं होतं, की हे अक्षर मी कंपनीच्या फाँटमधून चोरलं, ज्यांना ज्यांना दिलं त्यांनी ते पुसून टाकावं, आणि पुढे असं करणार नाही. खाली त्याच्या सहीला जागा, त्याखाली मालकांच्या.

चिंतामणरावांचा चेहरा पडला होता. त्यांना जप्ती दिसत होती. "जोतिबा, कर बाबा सही," ते म्हणाले. "एक कागद तर आहे."

"मालक, चोर म्हून सही करू?" जोतिबा म्हणाला. "आमच्या घरातली दोन माणसं फौजंत हायती. आई जिती हाय अजून. वडजात कुणी वाचलं तर?"

त्या वेळी मी त्याची बाजू घेतली असती तर आज हे लिहायला मला बरं वाटलं असतं. मी घेतली नाही. माझ्या मनात आलं, की शेवटी उघडं पडलं. मी एवढंच म्हणाले, "मालक, न वाचलेला कागद इथून बाहेर जात नाही." तो छापखान्याचा नियम होता. कागद मी माझ्या टेबलावर घेतला, भिंग घेतलं, लाल पेनाचं टोपण काढलं.

मथळा ठसठशीत मोठ्या अक्षरांत होता: 'नक्कल करणाऱ्याचा माफीनामा'.

सवयीनं माझा हात गेला. 'करणाऱ्याचा' मधल्या कोयत्याभोवती मी लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'खिळा बदला'. लिहून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. शिसं जाऊन तीन वर्षं झाली होती. हा कंपनीचा कागद, कंपनीचा नवा फाँट, पुण्यात छापलेला. आणि कोयत्याच्या टोकाला तोच टवका. त्याच जागी, तेवढाच.

मी खाली वाचत गेले. 'वापरणाऱ्या', 'देणाऱ्या', 'घेणाऱ्यांनी', 'खाली सही करणाऱ्याने'. बारीक अक्षरातसुद्धा भिंगाखाली टोक तुटलेलं दिसत होतं. जोतिबाला चोर म्हणायला त्यांना जोतिबाचंच अक्षर लागलं होतं. त्याच्याशिवाय मराठीत तो आरोप लिहिताच येत नव्हता. चोर तर चोर, वर शिरजोर!

"हे अक्षर कुणी काढलं?" मी सुमंतांना विचारलं.

"आमच्या चित्रकारानं."

"मग त्याच्या टोकाला टवका का आहे?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. पहिल्यांदाच पाहत असावेत. "ती त्यांची शैली आहे," ते म्हणाले.

मी जोतिबाकडे वळले. "जोतिबा, तू कोयत्या कशावरून काढलास?"

त्यानं मालकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कमरेची चंची सोडली. आतून तंबाखू निघाली, चुन्याची डबी निघाली, आणि अगदी तळातून फडक्यात गुंडाळलेला, करंगळीच्या पेराएवढा शिशाचा खिळा. तीन वर्षं मी त्याच्या पिशवीवर डोळा ठेवला होता. चंचीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"ह्याचा ठसा घेऊन, त्याच्यावरनं गिरवला," तो म्हणाला. "टवक्यासकट गिरवला. मला वाटलं, अक्षार हाय तसं काढावं. आपुन कशाला त्यात हात घाला."

मालकांच्या शिक्क्याचं पॅड टेबलावर होतं. मी खिळा त्यावर दाबला आणि माफीनाम्यावर, मथळ्याच्या शेजारी उमटवला. एक त्यांचा कोयत्या, एक आमचा. चिंतामणराव वाकले, धैर्यशील वाकला. भिंगाची गरजच पडली नाही.

धैर्यशीलचं तोंड पाहण्यासारखं झालं. "ह्यानंच मला फ्लॉपी दिली हुती, साहेब," तो पुटपुटला. "कंपनीला दावा, त्यांच्याबी उपेगी पडंल म्हणाला. मी पुण्याला धाडली." म्हणजे ते दाराआडचं पुडकं! मला खुर्चीत बसून राहणं कठीण झालं.

सुमंत मात्र मुरलेले होते. त्यांनी खिळा उचलून उलटसुलट पाहिला. "ठीक आहे," ते शांतपणे म्हणाले. "मग हे अक्षर ज्या कारखान्यानं ओतलं त्यांचं झालं. तुमचंही नाहीच."

"व्हय, माजं न्हाईच," जोतिबा म्हणाला. "मी कवा म्हणलं माजं हाय? अक्षार कुनाचं असतंय व्हय, साहेब? पर टवका आमचा हाय. आमच्या ह्या फरशीवर उडालाय त्यो."

जोतिबा मालकांसमोर जाऊन उभा राहिला. "मालक, शिसं मोडीत निघालं तवा ह्यो एक खिळा मी काढून घेतला. तुमास्नी इचारलं न्हाई. वितळाय जाणार म्हणून जीव तुटला माजा. तेवढी चोरी मी केलीया. ती लिवा, आत्ता सही करतो. दुसरी केलेली न्हाई, तिच्यावर करणार न्हाई."

सुमंतांनी माफीनाम्याकडे हात केला. मी कागद माझ्या खणात टाकला आणि किल्ली फिरवली. "त्यात दुरुस्त्या आहेत," मी म्हणाले. "तपासून झाला की पाठवते." ते उठले. जाताना चपला घालताना धैर्यशीलनं जोतिबाकडे पाहिलं नाही. पुढे आठवडे गेले, महिने गेले, नोटीस आली नाही. माफीही आली नाही. कंपनी आपला फाँट कुलूप लावून विकत राहिली, आत आमचा टवका घेऊन.

जोतिबा मात्र हटून बसला, की माझी चोरी कागदावर घ्या. मालकांनी मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'मी, जोतिबा, राहणार वडूज, छापखान्यातील एक खिळा मालकांना न विचारता चोरला.' त्यानं सावकाश सही केली. मग मी लाल पेन उचललं, 'चोरला' खोडलं आणि वर लिहिलं, 'उसना घेतला'. चिंतामणरावांनी खाली लिहिलं, 'दिला', आणि सही केली.

मी त्याला सगळं सांगितलं. पिशवीचं, खिडकीचं, पुडक्याचं. मला लाज वाटत होती आणि ती लपवावी असंही वाटत नव्हतं. तो ऐकून हसला.

"मला ठावं हुतं की," तो म्हणाला. "तुमी बगायच्या तवा मी मुद्दाम पिशवीचं तोंड उघडं ठिवायचो. बाईस्नी तरास नगो."

अठ्ठ्याण्णवमध्ये कंपनीची आणखी एक आवृत्ती आली. धैर्यशील स्वतः आला नाही, नमुन्याचा कागद टपालानं पाठवला. मी भिंग घेऊन आधी कोयत्या शोधला. टवका बुजवला होता. टोक गुळगुळीत, काही घडलंच नाही असं. आता कुणी कितीही भिंग लावलं तरी तो कुठून आला हे कळणार नव्हतं. मी कागद जोतिबाच्या समोर आपटला.

त्यानं नीट पाहिला. "बरं झालं की वो, बाई," तो म्हणाला. "तुमी अठरा साल 'खिळा बदला' लिवत हुता. शेवटी कुनीतरी बदलला."

"आणि आपल्या फाँटमधला? तोही बुजवणार?"

"आपला ऱ्हाऊ द्या तसाच," तो म्हणाला आणि चंची सोडून तंबाखू मळायला लागला.

मी टेबलाशी येऊन बसले. नमुन्याचा कागद पुढे ओढला, त्या गुळगुळीत, बिनचूक अक्षराभोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, 'खिळा बदला'.